चंद्रावरून परत आलेली हार्ड डिस्क

आपण स्वतःच्या हातानं भरलेली हार्ड डिस्क आपल्याच कॉम्प्युटरला जोडावी, आणि कॉम्प्युटरनं म्हणावं, 'ही कोण? मी हिला ओळखत नाही.' असं झालं तर काय समजायचं?

फलटणच्या रणवरे फोटो स्टुडिओत एका मंगळवारी सकाळी नेमकं हेच झालं. त्यात ती डिस्क काही साधीसुधी नव्हती. चंद्रावर जाऊन आली होती! अकरा वर्षांच्या केतकीनं पाकीट फोडलं, डिस्क बाहेर काढली आणि आधी नाकाला लावून बघितली. चंद्राचा काही वास येतो का ते बघायला. वास आला तो प्लॅस्टिकचा. मग तिनं डिस्क बाबांच्या कॉम्प्युटरला जोडली, तर पडद्यावर पाटी आली:

'ही डिस्क या कॉम्प्युटरला वाचता येत नाही. पुसून नव्याने मांडायची का? हो / राहू दे.'

"बाबा, अहो ही डिस्क तुम्हीच भरली होती ना? याच कॉम्प्युटरवर?"

श्रीधर रणवरे, म्हणजे केतकीचे बाबा, तेव्हा एका लग्नाच्या व्हिडिओतून जेवणाच्या पंगती कापत बसले होते. त्यांनी मान वळवून पाटी वाचली आणि सुस्कारा सोडला. "बिघडली म्हणायची. जाताना यान केवढं हादरतं! तरी मी तुझ्या आईला म्हणालो होतो..."

आई म्हणजे अनघा रणवरे. चंद्रावरच्या संशोधन स्थानकात काचेखाली भाजीपाला पिकवण्याचं काम तिच्याकडे होतं. जाऊन वर्ष झालं होतं, यायला अजून वर्ष होतं. दर रविवारी पाच मिनिटं बोलणं व्हायचं, तेही नुसत्या आवाजानं. चंद्र आणि पृथ्वी यांच्यामधली संदेशवाट संशोधनाच्या माहितीनं इतकी भरलेली असायची की घरच्यांचे व्हिडिओ तिच्यातून पाठवायला जागाच नसे. त्यासाठी वर्षातून दोनदा मालवाहू यान जायचं. त्यात प्रत्येक कुटुंबाला तळहाताएवढं एक पाकीट ठेवता यायचं.

मागच्या खेपेला केतकीनं त्या पाकिटातून आपला पोहण्याचा व्हिडिओ पाठवला होता. आता यात काय मोठंसं, असं कोणी म्हणेल. पण केतकी पाण्याला भ्यायची. भ्यायची म्हणजे किती, तर आईनं दोन उन्हाळे तिच्या पोटाखाली हात धरून तिला तलावात तरंगवलं, आणि आई हात काढते आहे असं वाटलं की ही तिच्या गळ्यात. तेवढ्यात आईची चंद्रावर निवड झाली आणि शिकवणं अर्ध्यावर राहिलं. पुढं केतकी शिकली, पाणी पिऊन, रडून, चिडून शिकली, आणि एक दिवस तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटी पोहत गेली. बाबांनी सगळं चित्रित केलं. ते आईनं बघावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि मग एका रविवारी आई म्हणाली होती, "केतू, ती डिस्क इथं उघडलीच नाही गं. यानातून परत पाठवते." बस. पुढं वेळच संपला होता.

"चल, 'हो' दाब," बाबा म्हणाले. "मूळ व्हिडिओ आपल्याकडे आहेच. पुसू, पुन्हा भरू आणि पाठवू. शनिवारी पाकीट जमा करायचंय."

केतकीनं बोट 'हो'वर नेलं.

"थांब!"

दारात भाऊआजोबा उभे होते. हे आईचे काका. उपग्रहांची यंत्रं बनवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता निवृत्त झाल्यावर ते गल्लीतल्या सगळ्यांच्या मिक्सरपासून घड्याळापर्यंत हात घालत. त्यांच्यामागून ठोकळा आला. ठोकळा हा त्यांनी जुन्या भागांमधून जुळवलेला यंत्रमानव. अंगानं चौकोनी, चालीनं संथ आणि हातात कायम चहाची किटली. भाऊआजोबा जिथं जातील तिथं चहा गेला पाहिजे, एवढी एक आज्ञा त्याच्यात पक्की बसली होती.

"हो दाबलंस तर आत काय आहे ते कायमचं जाईल," भाऊआजोबा म्हणाले.

"आत काही नाहीच आहे, भाऊ," बाबा म्हणाले. "वाचताच येत नाही म्हणतोय."

"श्रीधरराव, तुम्हाला कानडी वाचता येतं?"

"नाही."

"मग कानडी पुस्तक हातात आलं तर कोरं आहे म्हणून रद्दीत घालता का?"

बाबा पुन्हा पंगतींकडं वळले. लग्नात शंभर पाहुण्यांना एका ओळीत उभं करणारा माणूस भाऊआजोबांपुढं मात्र नेहमी असंच नमतं घ्यायचा. केतकीला मनातून गंमत वाटली, पण तिनं चेहरा सरळ ठेवला.

भाऊआजोबांनी खुर्ची ओढली. "केतकी, आई गेली तेव्हा पहिल्या आठवड्यात तुमच्या स्वयंपाकघरात काय झालं होतं, आठवतं?"

"बाबांना हिंग सापडेना! सगळे डबे सारखेच, स्टीलचे. आईला न बघता कळायचं कुठल्या डब्यात काय आहे ते. बाबांनी आमटीत हिंग म्हणून सुंठ घातली."

"ते आत्ता सांगायलाच पाहिजे का?" बाबा पुटपुटले.

"आणि मग तुझी आत्या आली."

"तिनं सगळे डबे उतरवून तिच्या पद्धतीनं लावले. मग बाबांना मीठसुद्धा सापडेना."

"डबे तेच, फळ्या त्याच, स्वयंपाकघरही तेच. मग बदललं काय?"

केतकीनं विचार केला. "कुठं काय ठेवायचं, त्याची पद्धत."

"शाब्बास! डिस्कमध्येही तशी एक पद्धत असते. तिला म्हणतात फाइल सिस्टिम (डिस्कवर कोणती माहिती कुठं ठेवली आणि ती कशी शोधायची, याची ठरलेली मांडणी). डिस्क म्हणजे नुसत्या फळ्या. अब्जावधी बारीक बारीक कप्पे. त्यांत तुझा व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेला असतो. कुठला तुकडा कुठं आहे, ते मांडणी सांगते. आणि मांडणी कोण लावतं? ज्या कॉम्प्युटरवर डिस्क पहिल्यांदा तयार करतो, तो. त्या तयार करण्याला फॉरमॅट करणं (जुनी मांडणी मोडून नवी लावणं) म्हणतात."

"मग सगळे कॉम्प्युटर एकच मांडणी का लावत नाहीत?"

"सगळ्या घरांत एकाच पद्धतीनं डबे का लावत नाहीत? ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं ठरवलं. कॉम्प्युटर चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम (कॉम्प्युटरचा कारभारी) म्हणतात. असे तीन मोठे कारभारी आहेत. तुझ्या बाबांच्या कॉम्प्युटरवर मॅक आहे. त्याची मांडणी एपीएफएस. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज आहे. त्याची मांडणी एनटीएफएस. तिसरा लिनक्स. त्याची बहुतेकदा एक्स्ट-फोर. ही नावं पाठ करू नकोस, परीक्षेत येणार नाहीत."

"आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही?"

"थोडंफार कळतं. मॅकला विंडोजची मांडणी वाचता येते, पण तिच्यात भर घालता येत नाही. पाहुण्यानं फळीवरचं बघावं, हात लावू नये, तसं. लिनक्स विंडोजचं वाचतो आणि लिहितोही. पण मॅकची मांडणी बाकीच्या दोघांना आपली आपण कळत नाही, आणि लिनक्सची या दोघांना कळत नाही. वेगळं काही बसवलं तर जमतं, पण ते काही प्रत्येकाकडे असेलच असं नाही."

बाबांनी आता पंगती कापायच्या थांबवल्या होत्या. "म्हणजे मी मॅकवर भरलेली डिस्क अनघाच्या तिकडच्या कॉम्प्युटरला कळली नाही? पण लग्नाच्या एवढ्या डिस्का दिल्या मी, एकाचीही तक्रार नाही!"

"लोकांना तुम्ही पेन ड्राइव्ह देता. तो दुकानातून येतो तसाच भरून देता. ही एक डिस्क मात्र तुम्ही मुद्दाम फॉरमॅट केलीत. बायकोला पाठवायची म्हणून स्वच्छ, नवी कोरी करून. बरोबर?"

बाबांचे कान लाल झाले. मायेपोटी माणूस कसा घोळ घालतो बघा. नेहमीसारखं निष्काळजीपणानं केलं असतं, तर कदाचित उघडली असती.

"हे सगळं खरं," बाबा म्हणाले, "पण मॅकवर केलेली डिस्क आता मॅकलाच का कळत नाही?"

ठोकळ्यानं तेवढ्यात चहा ओतून घेतला.

केतकी पडद्यावरच्या पाटीकडं बघत राहिली. इथून गेली तेव्हा डिस्कची मांडणी मॅकची होती. आता ती नाही. म्हणजे मधे कोणीतरी ती मोडून दुसरी लावली. डिस्क तर फक्त आईच्या हातात होती. आईनं कशाला मोडावी? परतच पाठवायची होती, तर तशीच नसती का पाठवली?

आणि एकदम तिला शेजारच्या काटकरकाकूंची वाटी आठवली. काकूंनी एकदा वाटीभर खरवस दिला होता. खरवस त्याच दिवशी संपला, पण वाटी आठवडाभर ओट्यावर. केतकी म्हणाली, देऊन येते. आई म्हणाली, 'रिकामी? रिकामं भांडं परत देतात का कोणाला?' शेवटी तिनं लाडू केले, दोन वाटीत घातले, मग वाटी गेली. गडबड असली तर चिमूटभर साखर तरी. पण रिकामं नाही.

"बाबा," केतकी म्हणाली, "आई रिकामं भांडं परत पाठवत नाही. कधीच नाही."

बाबांनी तिच्याकडं बघितलं. मग डिस्ककडं. मग झटकन हात पुढं करून माउसच तिच्यापासून लांब सरकवला.

"तिनं यात काहीतरी भरलंय," केतकी म्हणाली. "तिकडच्या कॉम्प्युटरवर, तिकडच्या मांडणीनं. म्हणून आपल्याला वाचता येत नाही!"

भाऊआजोबांनी मांडीवर थाप मारली. "हे मला सुचलं नव्हतं हो! मी आपला तत्त्व म्हणून थांबवलं. विंडोजची मांडणी असती तर मॅकनं वाचली असती, म्हणजे तिकडं लिनक्स असणार. लिनक्सचा कॉम्प्युटर शोधायला हवा. कॉलेजात असेल. किंवा त्या बँकेत..."

"चहा गार होतोय," ठोकळा म्हणाला. "आणि माझ्या डोक्यात लिनक्सच आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ज्यानं ठोकळ्याच्या डोक्यात लिनक्स घातला, तोच लिनक्स शोधायला गाव धुंडाळायला निघाला होता. ठोकळ्यानं किटली खाली ठेवली, छातीवरचं झाकण उघडलं आणि केतकीनं डिस्कची वायर त्याच्या छातीत खोचली. त्याच्या पोटावरचा पडदा उजळला.

'एक फाइल. नाव: केतकीसाठी.'

आणि आई दिसली. वर्षभरानंतर. केस बारीक कापलेले, चेहरा थोडा सुजल्यासारखा, मागं काचेखाली हिरवीगार मेथी. बाबा चटकन उठून उभे राहिले.

"केतू, डिस्क उघडली नाही म्हणून रुसू नकोस," आई म्हणत होती. "रिकामी पाठवायचं जिवावर आलं. ही बघ माझी मेथी. इथं ती सडसडीत उंच वाढते, कारण तिला ओढून धरणारं वजनच कमी. आणि ही खिडकी. तो निळा गोळा दिसतो का? तुम्ही त्याच्यावर आहात. इथून तो मावळत नाही. काम करताना मान वर केली की असतोच." मग तिनं कॅमेरा जरा जवळ घेतला. "तू पोहायला शिकलीस म्हणालीस. आवाज ऐकून मला खरंच वाटेना. मला ते बघायचंय गं, काहीही करून. फक्त एक सांगते. इथं घरचं बघायला तीन कॉम्प्युटर आहेत, तीन देशांनी आणलेले, तिन्ही वेगळ्या जातीचे. पाळीनं मिळतात. पुढच्या यानाच्या वेळी मला कुठला मिळेल, काही सांगता येत नाही."

व्हिडिओ संपला. केतकी रडली. बाबाही. भाऊआजोबांनी चष्मा पुसायला बराच वेळ लावला.

"मी 'हो' दाबणार होते," केतकी म्हणाली.

"मीच सांगितलं होतं दाबायला," बाबा म्हणाले, आणि ती डिस्क त्यांनी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. ती आता कोणी पुसायची नव्हती.

म्हणजे नवी डिस्क आणणं आलं. संध्याकाळी तिघं बाजारात गेले आणि मागून किटलीसकट ठोकळा. दुकानदारानं काउंटरवर डिस्कांचा ढीग मांडला. एकीवर लिहिलं होतं 'मॅकसाठी', एकीवर 'विंडोजसाठी', आणि तिसरी सगळ्यांत मोठी, चमचमती.

"तिन्हींसाठी अशी नाही का?" केतकीनं विचारलं.

"तशी नाही बघा," दुकानदार म्हणाला.

भाऊआजोबा नुसते केतकीकडं बघत राहिले. ही त्यांची जुनी खोड. केतकीनं खोके उलटेपालटे केले. मग तिच्या लक्षात आलं. "हे नुसतं कारखान्यात कुठली मांडणी लावून आलीय तेवढंच सांगतंय! आपण ती मोडून हवी ती लावू शकतो. फळ्या कोणाच्याच बाजूच्या नसतात."

"अगदी बरोबर," भाऊआजोबा खुशीत म्हणाले. "म्हणून लेबल बघून डिस्क निवडायची नाही. निवडताना बघायचं ते दुसरंच. ही चमचमती हलवून बघ. हिच्या आत तबकडी आहे, आणि ती फिरते. यान हादरलं की अशी तबकडी बिघडू शकते. मागची शाबूत आली हे आपलं नशीब. आपल्याला हवी एसएसडी (आत काहीही न फिरणारी, चिपांवर माहिती साठवणारी डिस्क)."

"ही घ्या मग," दुकानदारानं एक पुढं केली. "हिला कुलूप आहे. स्वतःचा प्रोग्रॅम येतो, पासवर्ड टाकल्याशिवाय उघडतच नाही."

"तो प्रोग्रॅम तिन्ही कारभाऱ्यांवर चालतो?" केतकीनं विचारलं.

दुकानदारानं खोका वाचला. "दोघांवर."

"मग नको."

शेवटी तिनं एक साधी, बोटभर लांबीची एसएसडी निवडली. तिच्यासोबतच्या वायरीला दोन तोंडं होती, एक जुन्या रुंद खाचेत बसणारं, एक नव्या चपट्या खाचेत बसणारं. मांडणी कितीही जुळली तरी वायरच खाचेत बसली नाही तर करणार काय! ठोकळ्यानं दुकानदाराला चहा दिला आणि मंडळी घरी आली.

"आता मांडणी कोणती लावायची?" बाबांनी विचारलं. मॅकची लावायची त्यांची हिंमत उरली नव्हती.

"सर्वांत जुनी," ठोकळा म्हणाला. "फॅट-थर्टीटू. तिन्ही कारभारी ती वाचतात आणि तिच्यात लिहितातही."

झालं. डिस्क तशी फॉरमॅट केली. केतकीनं पोहण्याचा व्हिडिओ उचलून तिच्यात टाकला, आणि पुन्हा पाटी: 'फाइल फार मोठी आहे.'

केतकी चक्रावली. "डिस्क तर अख्खी रिकामी आहे! हजार जीबी जागा (जीबी म्हणजे माहितीचं माप, धान्याला किलो तसं). माझा व्हिडिओ साडेसहा जीबीचा. मग मावत का नाही?"

"खोलीत जागा पुष्कळ आहे," भाऊआजोबा म्हणाले, "पण दार लहान आहे. ही मांडणी जुन्या काळी ठरली. एका फाइलचा आकार लिहायला तेव्हा जेवढी जागा ठेवली, तिच्यात चार जीबीपेक्षा मोठा आकडा बसतच नाही. तेव्हा एवढी मोठी फाइल कोणी स्वप्नातही पाहिली नव्हती. छोट्या शंभर फाइली टाक, आनंदानं घेईल. एक मोठी घेणार नाही."

"मी व्हिडिओ कापून दोन करतो," बाबा लगेच म्हणाले.

"नको!" केतकी म्हणाली. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता पोहले मी. कापलेला नको."

भाऊआजोबा हसले. "मग हिची धाकटी बहीण बोलवू. एक्सफॅट. तीही तिन्ही कारभाऱ्यांना कळते, लिहिताही येतं, आणि दार एवढं मोठं की तुझे बाबा आयुष्यभर शूटिंग करत राहिले तरी एका फाइलीत जाईल."

"मग सगळे सरसकट तीच का वापरत नाहीत?" केतकीला आता प्रश्न थांबवता येत नव्हते. डिस्क नव्या मांडणीनं फॉरमॅट करून व्हिडिओ भरायला लावता लावताच ती विचारत होती.

"कारण तिच्यात एक उणीव आहे. मॅक, विंडोज आणि लिनक्स यांच्या स्वतःच्या मांडण्या मोडतोड होऊ नये म्हणून काळजी घेतात. मधेच वीज गेली तरी सावरून घेतात. एक्सफॅट साधीभोळी. काम चालू असताना वायर ओढली, तर गोंधळून जाते. म्हणून..."

"झालं की!" बाबा म्हणाले आणि त्यांनी वायर ओढली.

व्हिडिओ भरून होतोय असं दिसता दिसता त्यांनी ती ओढली होती. वर्षानुवर्षांची सवय, हात डोक्याचं ऐकत नाही. डिस्क भाऊआजोबांच्या लॅपटॉपला लावली, तर केतकी तलावाच्या मध्यापर्यंत पोहत आली आणि तिथंच थिजली.

"म्हणून," भाऊआजोबांनी शांतपणे वाक्य पुरं केलं, "आधी कॉम्प्युटरला 'बाहेर काढा' सांगायचं, तो 'चालेल' म्हणाला की मगच वायर काढायची."

पुन्हा फॉरमॅट, पुन्हा भरणं. या वेळी बाबा हाताची घडी घालून लांब उभे राहिले. केतकीनं 'बाहेर काढा' दाबलं, वाट बघितली, मग वायर काढली. मॅकवर भरलेला व्हिडिओ विंडोजवर पूर्ण चालला. ठोकळ्याच्या पोटावरही पूर्ण चालला. मग तिनं तिन्हींवर एकेक छोटी फाइल लिहूनही बघितली, आईला उत्तर भरायचं असेल तर अडायला नको म्हणून. ते मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी पाकीट जमा झालं.

मग वाट बघणं. यान गेलं, उतरलं, सामान वाटायला तिकडं आणखी काही दिवस. केतकी शाळेत जायची, तलावावर जायची, आणि झोपताना विचार करायची, काय राहिलं असेल? वायर? खाच? की आणखी काही, जे भाऊआजोबांनाही ठाऊक नसेल? या वेळी उघडली नाही तर पुढच्या यानाला सहा महिने होते, आणि आईच्या लेखी केतकी अजून तिच्या गळ्यात पडणारीच मुलगी होती.

एका रविवारी दुपारी फोन लागला. बाबा, भाऊआजोबा, ठोकळा सगळे भोवती. चंद्राहून आवाज यायला सव्वा सेकंद लागतो, जायला सव्वा. म्हणजे प्रश्न विचारला की उत्तरासाठी अडीच सेकंद थांबावं लागतं. एरवी त्याची सवय झाली होती.

"आई, डिस्क मिळाली? उघडली?"

एवढा वेळ केतकीनं आयुष्यात कधी श्वास रोखला नव्हता, पाण्याखालीसुद्धा नाही.

"उघडली! मला विंडोजचा मिळाला होता. मग दुसऱ्या पाळीच्या लोकांनी त्यांच्या मॅकवर लावली, तिथंही उघडली. सगळ्या स्थानकानं बघितलंय तुला. इथं कितीजणांच्या घरच्या डिस्का न उघडता पडल्या आहेत, ठाऊक आहे का? सगळे विचारतायत, तुझ्या मुलीनं काय केलं म्हणून. आता ठरलंय, यापुढं सगळ्यांनी घरून तुझ्याच मांडणीची डिस्क मागवायची."

"मंगळावर माणसं जातील तेव्हा हे आधीच ठरवून पाठवा म्हणावं," भाऊआजोबा मधेच ओरडले. "पाच-सहा देश असतील तिथं! आणि उद्या कोणी दुसऱ्या ताऱ्यावरून आलंच, तर त्यांच्याशीही पहिलं बोलणं हेच करावं लागेल. तुमची मांडणी कोणती, आमची कोणती, आणि दोघांना चालेल अशी कोणती."

"भाऊकाका, तुम्ही करा त्यांच्याशी बोलणं, मला वेळ कमी आहे," आई हसत म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. तलावाच्या काठावर उभी राहून बोलायची, तसा झाला. "केतू, ऐक. चार वेळा बघितलं मी. मधे कुठं पाय टेकलास का तेही बघितलं. नाही टेकलास. फार छान पोहलीस. पण डावा हात पाण्यातून लवकर बाहेर काढतेस. मांडीपर्यंत येऊ दे त्याला. मग काढ. कळलं?"

केतकीनं मान डोलावली, मग आईला दिसत नाही हे आठवून "हो" म्हणाली. तो "हो" चंद्रापर्यंत पोचायच्या आतच पाच मिनिटं संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तलावात उतरली आणि डावा हात मांडीपर्यंत येऊ देत, सावकाश पोहू लागली.